दुकानाच्या नावातली कोटी: शिरोड्याच्या रस्त्यावरील एका खानावळीच्या निमित्ताने

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सकाळी घावन-चटणी आणि दुपारी व रात्री माशांचे जेवण देणारी घरगुती खानावळ आपण चतुर्थीच्या सुमारास सुरू करणार आहात. नाव कोटीचे, ऐकताच हसू फुटेल असे हवे, ही आपली इच्छा आहे. वडिलांना आरवलीच्या वेतोबाचे नाव हवे आहे. आणि मित्रमंडळींनी ‘मोरीवाला’, ‘खा-जा’, ‘तारली’ व ‘पोटोबा-वेतोबा’ अशी चार नावे सुचवली आहेत. अशा नावाने गिऱ्हाईक खरोखर वाढते का, या चारांतले कोणते घ्यावे आणि कायद्याची काही अडचण येते का, असे आपण विचारले आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत दुकानांचे फलक करण्यात माझे आयुष्य गेले आहे. पत्र्यावर ऑइलपेंटने अक्षरे काढण्यापासून ते आजच्या अ‍ॅक्रिलिकच्या उठावदार अक्षरांपर्यंत नावे लिहिता लिहिता त्या नावांचे पुढे काय होते, हेही जवळून पाहायला मिळाले. त्या अनुभवाच्या आधारावर थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, पण त्याला मर्यादा आहे. कोटीचे नाव माणसाला एकदाच हसवते. ज्याला हसू येते तो ते नाव घरी, गाडीत किंवा कामाच्या ठिकाणी दुसऱ्याला सांगतो, आणि जाहिरातीला पैसे नसलेल्या नव्या खानावळीला हा फायदा लहान नाही. मात्र रोज सकाळी नाश्त्याला येणारा शेजारचा शिक्षक किंवा रिक्षावाला चौथ्या दिवशी त्या नावाला हसत नाही. त्याच्यासाठी कोटी उतरलेली असते आणि मागे नुसता शब्द उरतो. तो उरलेला शब्द आपल्या धंद्याला शोभणारा असेल तर नाव वर्षानुवर्षे टिकते. तो पोकळ किंवा अशुभ असेल तर मालकालाच नाव सांगताना अवघडल्यासारखे होऊ लागते. म्हणून कोटी किती चतुर आहे याआधी मी हेच पाहतो की, कोटी बाजूला काढल्यावर नाव स्वतःच्या पायावर उभे राहते का.

चष्म्याच्या दुकानाला ‘नजराणा’, चपलांच्या दुकानाला ‘पदोपदी’, पिठाच्या गिरणीला ‘दळणवळण’ ही नावे या कसोटीला उतरतात. अशी नावे एकाहून अधिक गावांत सुचलेली असणार, कारण ती भाषेतच तयार पडलेली आहेत. आपल्या भागापुरते पाहिले तर हापूसची कलमे विकणाऱ्या रोपवाटिकेला ‘कलमबहाद्दर’ हे नाव मला फार आवडेल. कलम म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे बांधलेले झाड, हे दोन्ही अर्थ कोकणातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात, आणि कोटी लक्षात आली नाही तरी हा माणूस आपल्या कामात तरबेज आहे एवढे नाव सांगतेच. याच्या उलट बाजूचे उदाहरण साड्यांच्या एका दुकानाचे आहे. मालक ‘पदरमोड’ हे नाव ठरवून फलक करायला आले होते. साडीचा पदर आणि त्याची मोड, अशी त्यांची कल्पना होती आणि ती सुचायला भाषेचा कान लागतो, यात शंका नाही. पण पदरमोड म्हणजे स्वतःच्या खिशाला बसलेली खोट. लग्नाचा बस्ता बांधायला निघालेल्या घराला दारातच ती आठवण करून देणे कोणत्याही दुकानदाराला परवडणारे नाही. बराच वेळ बोलल्यावर त्यांनी ‘पदर’ एवढेच नाव ठेवले. मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांना समुद्रात नेणाऱ्याने ‘बुडबुडे’ हे नाव घेऊ नये, याला वेगळे स्पष्टीकरण लागू नये.

आता कोटी घडते कशी, ते पाहू, कारण चार नावांचा निवाडा त्यावर अवलंबून आहे. शाळेत आपण श्लेषाचे दोन प्रकार शिकतो. शब्द न तोडता त्याचे दोन अर्थ होतात तो अभंग श्लेष. मेघ सर्वांना जीवन देतो, या वाक्यातले ‘जीवन’ म्हणजे पाणीही आणि आयुष्यही. शब्द तोडल्यावर दुसरा अर्थ निघतो तो सभंग श्लेष. फलकांच्या कामात या दोहोंतला फरक पैशांत मोजावा लागतो. अभंग श्लेष कानाला लगेच कळतो आणि त्यासाठी फलकावर काही वेगळे करावे लागत नाही. सभंग श्लेषाला डोळ्यांची मदत लागते. चहाच्या टपरीचे ‘चहाटळ’ हे नाव घ्या. बोलताना तो एकच शब्द आहे आणि त्यातला चहा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तो दाखवण्यासाठी ‘चहा’ एका रंगात आणि ‘टळ’ दुसऱ्या रंगात करावे लागते, आणि ते करताना शिरोरेषा मात्र अखंड ठेवावी लागते. शिरोरेषा तोडली की वाचणारा ‘चहा’ आणि ‘टळ’ असे दोन शब्द वाचतो, चहाला ‘टळ’ म्हणून हाकलल्यासारखे होते आणि मूळ शब्द हातचा जातो. आधी पूर्ण शब्द वाचला जावा आणि मग क्षणभराने रंगामुळे त्याच्या पोटातला चहा दिसावा, हा क्रम साधला तरच ते नाव साधले. ‘टीकाकार’ हेही चहाच्या दुकानाला शोभेल असे नाव आहे, पण गिऱ्हाइकाने ‘टी’ म्हणण्याची सवय असलेल्या शहरातच ते चालेल. आपल्याकडे माणूस चाय किंवा चहाच मागतो.

इंग्लंडमध्ये तळलेला मासा आणि बटाटा विकणाऱ्या दुकानांची नावे कोट्यांसाठी प्रसिद्ध आहेत, आणि तिथे माशांची नावेच कोटीला उपयोगी पडतात. ‘सोल’ हा मासा आणि त्याच उच्चाराचा आत्मा, ‘प्लेस’ हा मासा आणि त्याच उच्चाराची जागा, यांवर तिथल्या कितीतरी पाट्या उभ्या आहेत. आपली माशांची नावे त्याहून श्रीमंत आहेत. सुरमई हा मासाही आहे आणि रंगही. तिसऱ्या शिंपल्यांतही येतात आणि क्रमवारीतही. कुर्ल्या म्हटले की आपल्याला खेकडे आठवतात आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला त्याचे रेल्वे स्थानक. दशावतारातले नट लिखित संहितेवाचून रंगमंचावर संवाद रचतात आणि त्यांतल्या शाब्दिक टोल्यांना समोरचे प्रेक्षक क्षणात दाद देतात. त्या प्रेक्षकांचा कान आपल्या गावात आजही आहे. त्यामुळे कोटीचे नाव इथल्या मातीला परके आहे, असे वडिलांना वाटत असेल तर ते तसे नाही.

मात्र किनाऱ्यावरच्या धंद्याला दोन प्रकारचे कान सांभाळावे लागतात, एक गाववाल्यांचा आणि दुसरा पाहुण्यांचा. ‘मोरीवाला’ हे नाव इथेच पडते. सिंधुदुर्गात मोरी म्हणजे लहान जातीचा शार्क, ज्याला मुंबईकडे मुशी म्हणतात, आणि मोरीचे मटण म्हटले की आपल्या तोंडाला पाणी सुटते. पुण्याहून, साताऱ्याहून किंवा नाशिकहून आलेल्या कुटुंबाला मोरी म्हणजे भांडी घासण्याची आणि सांडपाणी जाण्याची जागा एवढेच ठाऊक असते. मोरीवाला या नावाची खानावळ पाहून त्यांना हसू येईल, पण ते पायरी चढणार नाहीत, आणि आत मोरीचे मटण मिळते हे कळण्याची संधीच त्यांना मिळणार नाही. दुसरा अर्थ अन्नाच्या स्वच्छतेला धक्का देणारा असेल, तर तो कितीही निरागस असला तरी खाण्याच्या जागेला वर्ज्य समजावा.

‘तारली’चा प्रश्न थोडा नाजूक आहे आणि त्या नावाविषयी मला सहानुभूती आहे. तारली हा गरिबाच्या ताटातला चविष्ट मासा, आणि ‘तारली’ म्हणजे बुडता बुडता वाचवली. पण क्रियापद म्हणून तो शब्द कानाला जाणवायला कर्म लागते. कोळ्याची होडी संकटात असेल तर होडी तारली असे आपण म्हणू. नुसते ‘तारली’ ऐकणाऱ्या गाववाल्याला मासाच दिसतो आणि मासा न ओळखणाऱ्या पाहुण्याला काहीच दिसत नाही. म्हणजे कोटी दोघांच्याही पदरात पडत नाही. हे नाव मी फलकावरून उतरवून भिंतीवरच्या पदार्थांच्या यादीत घालीन. तारलीच्या थाळीपुढे ‘भुकेची वेळ तारली’ असे लिहिले तर ते वाचणाऱ्याला पुरता आनंद देईल, कारण तिथे तो पंधरा मिनिटे बसलेला असतो आणि त्याच्यासमोर मासाही असतो. चांगल्या पण अपुऱ्या कोट्यांसाठी यादी, पत्रावळ, हात धुण्याच्या जागेवरची पाटी अशा पुष्कळ जागा असतात. सगळे चातुर्य दारावरच्या फलकावर खर्च करू नये.

‘खा-जा’ हे नाव पहिल्या नजरेत चारांत सर्वांत चटपटीत आहे. जत्रेतले खाजे आणि ‘खा, जा’ ही आज्ञा, असा तो सरळ सभंग श्लेष आहे. तरीही ते घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. निरोप देणाराही ‘या’ म्हणतो. ज्या समाजात ‘जा’ हा शब्द निरोपाच्या वेळीसुद्धा टाळला जातो, तिथे जेवायला आलेल्याला दारातच ‘जा’ म्हणणे म्हाताऱ्या माणसांना खटकल्याशिवाय राहणार नाही. शिवाय आपण खाजे विकणार नाही, जेवण वाढणार आहात, त्यामुळे कोटीचा अर्धा पाया तिथेच निघून जातो.

‘पोटोबा-वेतोबा’ मात्र निःसंशय नको. आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण सगळ्यांच्या तोंडी आहे, हे खरे, परंतु वेतोबा हा त्या पंचक्रोशीचा राखणदार आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात आणि संकटात त्याला हाक मारतात. त्याचे नाव नुसते यमकासाठी वापरणे भक्ताला लागेल, आणि ज्यांना लागेल तेच आपले शेजारी आहेत. जात, समाज, स्त्रिया आणि शरीराचे व्यंग यांवरच्या कोट्यांनाही हेच लागू आहे, मग त्या कोणाला कितीही गमतीच्या वाटोत. वडिलांच्या इच्छेचा मान राखण्याची आपली जुनी पद्धत तयार आहे: फलकाच्या माथ्यावर मध्यभागी, लहान पण स्वच्छ अक्षरांत ‘श्री देव वेतोबा प्रसन्न’ लिहावे आणि त्याखाली खानावळीचे नाव घ्यावे. देवाची ओळ आणि कोटीची ओळ यांचे रंग वेगळे ठेवावेत, म्हणजे एकीचा दुसरीशी संबंध कोणी जोडणार नाही.

मग नाव कोणते? आपण जे विकणार आहात त्यात सकाळचा घावन हा पदार्थ असा आहे की त्याच्या नावातच क्रियापद दडलेले आहे. घावणे म्हणजे सापडणे. सिंधुदुर्गात ‘गावला’ आणि ‘घावला’ असे दोन्ही उच्चार ऐकू येतात. घाटावर, कोल्हापूर-साताऱ्याकडे, ‘घावलं’ म्हणतात. आणि शहरात वाढलेल्या माणसालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. माझी सूचना ‘घावलं’ अशी आहे. जागा शोधत आलेला पाहुणा ते वाचतो तेव्हा त्याच्याच मनातले वाक्य फलकावर लिहिलेले असते, आणि आत जाऊन घावन खाल्ल्यावर दुसरा अर्थ त्याला आपोआप घावतो. कोटी उतरली तरी शब्द शुभ आहे, आणि त्यात शोधाचा आनंद आहे. एकच दक्षता घ्यावी लागेल: या शब्दात ‘घाव’ लपलेला आहे, म्हणून तो दोन ओळींत किंवा दोन रंगांत ‘घाव’पाशी कधीही तोडू नये. पूर्ण शब्द एका ओळीत, एका रंगात. खाली दुसऱ्या ओळीत, साध्या शब्दांत, ‘घावन-चटणी आणि मालवणी माशांची खानावळ’ असे लिहावे. कोटीच्या नावाखाली धंदा सांगणारी सरळ ओळ असलीच पाहिजे, कारण मोबाइलच्या नकाशावर माणूस ‘खानावळ’ किंवा ‘मासे’ असेच शोधतो, कोटी शोधत नाही. नकाशावरही फलकावरचेच नाव, त्याच लेखनाने, द्यावे.

नाव पक्के करण्याआधी ते बोलून पाहा. वेंगुर्ल्याच्या एसटी स्थानकातून, गर्दीच्या वेळी, कोणाला तरी फोन करा, नाव एकदाच सांगा आणि त्याला ते लिहून पाठवायला सांगा. मग एखाद्या रिक्षावाल्याला ‘घावलंला जायचंय’ असे सांगून त्याचा चेहरा पाहा. नामवाचक नसलेल्या शब्दाला ‘ला’ किंवा ‘त’ लावताना जीभ अडखळते, आणि तसे इथे होत असल्यास ‘घावलं खानावळ’ हे जोडनाव रूढ करावे. कागदावर सुरेख दिसणारी कित्येक नावे या एका विभक्तीपाशी अडतात.

कायद्याकडे वळतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात 2022 मध्ये झालेल्या सुधारणेनंतर कामगार कितीही कमी असले तरी नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे. इतर लिपीतही नाव लिहिता येते, पण मराठी अक्षरे आधी असावी लागतात आणि त्यांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाही. रोमन लिपीतल्या स्पेलिंगच्या करामतीवर किंवा मध्येच घुसवलेल्या आकड्यावर उभी असलेली कोटी यामुळे देवनागरीत येताच कोसळते. म्हणून मी कोटी देवनागरीतच करून पाहायला सांगतो. ज्या आस्थापनांत मद्य विकले किंवा दिले जाते त्यांना थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यास याच सुधारणेने मनाई केली. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग अशा जलदुर्गांच्या या किनाऱ्यावर ती तरतूद विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपण मद्य देणार नाही, तेव्हा आपल्याला तिची झळ नाही.

प्रसिद्ध नाममुद्रेच्या (ब्रँडच्या) नावावर कोटी करण्याचा मोह पुष्कळांना होतो आणि तो टाळावा. 2018 मध्ये ‘स्टारबक्स’ने दिल्ली उच्च न्यायालयात ‘सरदारबख्श’ या कॉफीच्या दुकानांविरुद्ध दावा केला आणि त्या व्यावसायिकाला नाव बदलून ‘सरदारजी-बख्श’ करावे लागले. फलक, खोकी, पावत्या सगळे बदलण्याचा खर्च लहान खानावळीला पेलणारा नसतो. व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) अधिनियम, 1999 मध्ये तर शब्दांचे चिन्ह नुसत्या बोलण्यातल्या वापरानेही भंग होऊ शकते असे म्हटले आहे, त्यामुळे आम्ही लेखन वेगळे केले, हा बचाव पुरत नाही. नाव ठरले की व्यापारचिन्हांच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या. तिथे उच्चारसाम्यावरूनही शोधण्याची सोय आहे. नोंदणीसाठी वस्तू आणि सेवांचे क्रमांक दिलेले वर्ग असतात; खानावळीची सेवा 43व्या वर्गात येते, मसाले आणि पिठे 30व्या वर्गात. व्यक्ती किंवा लहान उद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी 4500 रुपये शुल्क आहे आणि नोंदणी 10 वर्षे चालते, पुढे तिचे नूतनीकरण होते. केवळ वस्तूचे वर्णन करणारे नाव सहसा नोंदवले जात नाही. ‘मालवणी जेवण’ कोणालाही स्वतःपुरते राखता येणार नाही, पण चांगल्या कोटीच्या नावाला निदान वेगळेपण असते. पुढे आंबे विकायला ठेवलेत आणि नावात ‘हापूस’ आणायचे मनात आले, तर 2018 पासून हापूसला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे, हे विसरू नका. बाहेरचा आंबा त्या नावाखाली विकणे कोटीच्या आडूनही चालणार नाही.

शेवटी फलकाविषयी. आपला रस्ता अरुंद आणि झाडीचा आहे, त्यामुळे फलक साधारण शंभर फुटांवरून दिसेल असे धरू. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, म्हणजे ते अंतर तीन सेकंदांत संपते. दहा फुटांच्या अंतराला एक इंच उंची, या आमच्या हिशेबाने ‘घावलं’ची अक्षरे दहा इंचांची ठेवावीत, आणि वरच्या अनुस्वारासाठी जागा त्याशिवाय सोडावी. नाव एका शब्दाचे असल्याने एवढ्या वेळात ते वाचून होते. या नावाचा सगळ्यात कच्चा भाग तो अनुस्वारच आहे. अ‍ॅक्रिलिकची अक्षरे चिकटवताना टिंब सुटे कापून लावतात, खारा वारा आणि जून-जुलैचा पाऊस आधी तेच उडवून नेतो, आणि मग फलकावर ‘घावल’ असा निरर्थक शब्द उरतो. म्हणून टिंब शिरोरेषेला बारीक दांडीने जोडलेले, एकाच तुकड्यातून कापून घ्या, आणि दांडी पाठीमागच्या रंगाची करा, म्हणजे ती दिसणार नाही. चौकटीला गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि स्क्रू 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागा. त्या प्रतीत 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असल्याने समुद्राच्या हवेत ते साध्या 304 प्रतीपेक्षा कितीतरी अधिक टिकते. जीएसटी नोंदणी घेतलीत तर तो क्रमांक प्रवेशाजवळच्या नामफलकावर असावा लागतो, त्यासाठी तळाशी दोन इंचांची पट्टी आत्ताच मोकळी ठेवायला सांगा. चतुर्थीच्या आधीच्या दोन आठवड्यांत सगळ्या कारागिरांकडे गर्दी असते, म्हणून मापे आषाढातच देऊन ठेवावीत.